बसऱ्याची चांदी, इटलीचा तारा की एकाहत्तरचं मेडल?

माझा भाचा खानापूर तालुक्यात शिक्षक आहे. परवा त्याचा फोन आला. "मामा, वीस हजार बाजूला काढलेत. जुनी लष्करी मेडलं जमवायची आहेत. पहिल्या महायुद्धाची घेऊ, दुसऱ्याची, की आपली पासष्ट-एकाहत्तरची?" फोनवर सांगता सांगता अर्धा तास गेला, तरी सांगायचं राहिलंच. म्हणून हे लिहून काढतोय. बेळगाव-निपाणी पट्ट्यात हा नाद लागणारा तो काही पहिला नाही.

आपल्याकडे हा नाद लागणं साहजिकच आहे म्हणा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात. महार रेजिमेंटची पहिली पलटण १९४१ मध्ये उभी राहिली तीही बेळगावातच. घाट उतरून महाराष्ट्रात गेलं की शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी. या सगळ्या मुलखात मराठी घर असो की कानडी, जुन्या ट्रंकेत एखादं मेडल निघतंच. घरातली माणसं त्याला 'आजोबांचा बिल्ला' म्हणतात आणि दसऱ्याला बाहेर काढतात.

आधी एक गोष्ट पक्की करू. मेडलची किंमत त्याच्या तोंडावरच्या राजाच्या चित्रात नसते, कडेवर असते. गोल मेडल आडवं धरलं की कडेवर बारीक अक्षरात शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली दिसते. ही अक्षरं असतील तर त्या तुकड्यामागे माणूस आहे. नसतील तर तो नुसता धातू. खालची सगळी तुलना मी याच एका कसोटीवर केली आहे.

पहिलं महायुद्ध

१९१५ संपायच्या आत रणांगणावर पोचलेल्या शिपायाला साधारण तीन मेडलं मिळाली. '१९१४-१५ स्टार' हा ब्राँझचा तारा, 'ब्रिटिश वॉर मेडल' हे चांदीचं गोल मेडल आणि इंद्रधनुष्यी फितीचं ब्राँझचं 'व्हिक्टरी मेडल'. उशिरा गेलेल्यांना तारा नाही, बाकीची दोनच. पलटणीबरोबर गेलेल्या बिगरलढाऊ नोकरांना, म्हणजे भिश्ती, खेचरवाले वगैरेंना, वॉर मेडल चांदीचं न देता ब्राँझचं दिलं. असं ब्राँझचं वॉर मेडल हाती आलं तर ते बनावट समजून परत करू नका. ते चांदीच्यापेक्षा कितीतरी कमी निघालं.

आपल्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ही 'बसऱ्याची लढाई'. मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होत्या आणि कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा जवळजवळ पाच महिन्यांचा तो वेढा. शेवटी अन्न संपलं आणि सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या ताब्यात गेली. त्यातली पुष्कळशी कैदेतल्या पायपिटीत वाटेवरच संपली. त्यामुळे कडेवर ११७ चा आकडा असलेलं मेडल हातात आलं की मी आधी खाली बसतो. तो शिपाई परत आला की नाही, हे मेडलवर लिहिलेलं नसतं.

इथं दोन बारकावे. तेव्हा शिपायांचे नंबर प्रत्येक पलटणीचे वेगळे असत. एकच नंबर दोन पलटणींत दोन माणसांना असायचा, आणि नावं म्हणाल तर तीच तीच. म्हणून नंबर आणि पलटण दोन्ही वाचता आलं पाहिजे. दुसरं म्हणजे, १९२२ च्या फेररचनेत हे आकडे बदलले. १०३ झाली पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी, आणि ११४ ही प्रशिक्षणाची दहावी पलटण म्हणून बेळगावात आली. पहिल्या महायुद्धाच्या मेडलवर '१/५', म्हणजे पाचव्याची पहिली, असा आकडा दिसला तर विकणाऱ्याकडे जरा निरखून बघा.

आता खरी अडचण. चांदीचं वॉर मेडल ३६ मिलिमीटर व्यासाचं आणि तीस-बत्तीस ग्रॅमच्या आसपास वजनाचं असतं. म्हणजे सराफाच्या तराजूत ते तीन तोळे चांदी असतं, मेडल नसतंच. मुलीचं लग्न, बैलाची खरेदी, दुष्काळ, अशा प्रत्येक वेळी पहिलं तेच मोडलं गेलं. १९८० मध्ये चांदी भडकली तेव्हा तर जगभर ही मेडलं भट्टीत गेली. कुणी वरची कडी काढून तिथं गोल डाग दिला आणि गळ्यातल्या सरीत ओवलं. म्हणून आज घरात सापडतात ती तारा आणि व्हिक्टरी. मधलं चांदीचं गायब.

मीही यात पोळलो आहे. पहिलं मेडल घेतलं ते चांदीचंच, कडेवर पलटण ११०, अक्षरं सुबक. पैसे मोजून घरी आलो आणि आठवड्याने सहज व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, लावला. व्यास जेमतेम साडेपस्तीस. जुनं नाव कानशीने घासून काढून नवं कोरलं होतं. विकणारा म्हणाला, "साहेब, चांदी तर खरी आहे ना?" खरीच होती. तेव्हापासून खिशात व्हर्निअर ठेवल्याशिवाय मी सौदा करत नाही. अक्षरं ठोकलेली की कोरलेली हेही भिंगातून बघतो.

यावरून भाच्याला जे सांगितलं तेच इथं सांगतो. चांदीच्या मागे लागू नका, व्हिक्टरी मेडल घ्या. त्याच शिपायाचं तेच नाव, तोच नंबर, तीच पलटण त्या ब्राँझच्या कडेवरही असते. वितळवून काही मिळत नाही म्हणून भाव कमी, आणि नाव घासून नवं कोरायची कुणाला एवढी गरजही पडत नाही. वीस हजारांत चांदीचं एखादं येईल तिथं व्हिक्टरी एकाहून जास्त येतील. संग्राहकांत व्हिक्टरीला जरा दुय्यम मानतात. मानू देत.

दुसरं महायुद्ध

दुसऱ्या महायुद्धाचे तारे दिसायला देखणे, सहा टोकांचे, पिवळसर. '१९३९-४५ स्टार', 'आफ्रिका स्टार', 'इटली स्टार', 'बर्मा स्टार'. फितीवरून कुठला कुठला हे लगेच कळतं. इटलीची फीत इटलीच्या झेंड्यासारखी तांबडी-पांढरी-हिरवी, आफ्रिकेची वाळूच्या रंगाची. जोडीला 'वॉर मेडल' आणि भारतात राहून नोकरी केलेल्यांचं 'इंडिया सर्व्हिस मेडल'.

कथा इथंही भरपूर आहेत. १९४१ मध्ये आफ्रिकेत एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर तिसरी मराठा पलटण होती. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या संगशाकला, कोहिमा-इंफाळच्या लढाईच्या तोंडाशी, जपान्यांना अडवून धरणाऱ्यांत चौथी होती. इटलीत नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या आणि शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यातले घाडगे तिथंच पडले.

घोळ आहे तो नावांचा. ब्रिटिश शिपायांना ही मेडलं कोरी दिली गेली. आपल्या फौजेला दिलेल्यांवर मात्र बहुधा नाव ठोकलेलं असतं. म्हणजे बाजारात कोरा तारा दाखवून "साहेब, हा मराठा शिपायाचा" असं कुणी म्हणालं, तर ते म्हणणं विकणाऱ्याच्या जिभेवर, ताऱ्यावर नाही. साच्यात ओतून काढलेले नकली तारेही ढीगभर फिरतात. अक्षरांची धार बोथट असेल, मधल्या राजमुकुटाची नक्षी बुजलेली असेल, तर घेऊ नका.

भाव पहिल्या महायुद्धापेक्षा खाली आहेत आणि माल जास्त आहे. पण तारे गोळा करणाऱ्यांना सेट पुरा करायचा हव्यास सुटतो आणि मग नाव बाजूला पडतं, फितीच जमवल्या जातात. माझ्या मते या गटात बेळगावकराने एकच गोष्ट शोधावी, महार रेजिमेंटचं नाव ठोकलेलं वॉर मेडल किंवा इंडिया सर्व्हिस मेडल. पलटण इथं उभी राहिली, तरी तिच्या मेडलांकडे इथल्याच संग्राहकांचं फारसं लक्ष नाही.

१९४७ नंतरची

यातली गोल मेडलं निकेलमिश्रित तांब्याची. सगळी नाव ठोकलेली, भावाने सर्वांत हलकी. 'जनरल सर्व्हिस मेडल १९४७' च्या फितीवर मोहिमेची पट्टी असते. त्यातली 'गोवा १९६१' ची पट्टी आपल्या भागाला जवळची, कारण गोव्यात शिरलेली फौज आधी बेळगावच्या आसपासच जमली होती. पुढे १९६५ चा 'समर सेवा स्टार', 'रक्षा मेडल'. १९७१ चे 'पूर्वी स्टार' आणि 'पश्चिमी स्टार', आणि सगळ्यांना दिलेलं 'संग्राम मेडल'. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला लढलेली पहिली मराठा म्हणजेच जुनी १०३, आपली जंगी पलटण.

सोपी आणि स्वस्त असूनही विकत घ्यायला मी हीच सर्वांत शेवटी ठेवतो. ज्याच्या छातीवर ते लागलं त्याचा मुलगा अजून कॅम्पातून मोटारसायकलवर जाताना दिसतो. असं मेडल बाजारात आलं म्हणजे घरात भांडण, दारू, चोरी किंवा नड यापैकी काहीतरी झालंय. नोकरीतल्या जवानाने स्वतःचं मेडल विकणं किंवा गहाण टाकणं हा लष्करी कायद्याने गुन्हा आहे. शिवाय माजी सैनिकांना समारंभात लावायला दुकानात हुबेहूब नकला मिळतात. त्या नकला वाईट नाहीत, पण त्या 'मूळ' म्हणून गळ्यात मारणारे आहेत.

कायद्याचं आणखी एक. शंभर वर्षं झालेली वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. पहिल्या महायुद्धाची मेडलं आता त्या वयाची झाली. जवळ ठेवणं, नाव शोधणं ठीक, पण त्यांचा धंदा करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशी लिलावातून आपल्या पलटणीचं मेडल परत आणणारेही आहेत. त्यांनी कस्टमचा खर्च आधी धरावा.

पावसाचा प्रश्न

आपला पाऊस कुठल्या मेडलला काय करतो, तेही घेण्याआधी बघा. चांदी काळी पडते. तो काळेपणा असू द्या. ब्राँझ आणि ताऱ्यांवर हिरवट बुरा येतो, तो पसरतो. तेवढा मऊ कापडाने काढा. निकेलमिश्रित तांब्याचं मेडल वर्षानुवर्षं तसंच राहतं. सगळ्यात आधी जाते ती फीत, बुरशीने. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत कोंबलेली तर दोन पावसाळ्यांतच.

आणि कृपा करून खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चिंच घेऊन बसू नका. एका घरात असंच मेडल पाहिलं. चाळीस वर्षं दर दसऱ्याला चिंच आणि रांगोळीने घासलेलं. राजाचं नाक गेलं, कडेवरचा नंबर गेला. त्या आजी मात्र खूश होत्या, "बघा, कसं लख्ख!"

न विकत घेता

भाच्याला चौथा पर्याय मी फोनवर शेवटी सांगितला, आणि त्याला तोच जास्त आवडला असावा. वर्गातल्या मुलांना विचारायचं, कुणाच्या घरी जुनं मेडल आहे? घरच्यांच्या परवानगीने पुढून, मागून आणि कडेचा असे तीन फोटो. सोबत डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, जुना फोटो असेल तर त्याचाही. मग आजी-आजोबांपाशी बसून जे आठवेल ते त्यांच्याच बोलीत लिहून घ्यायचं.

यात फक्त वेळ जातो, पण नाव आणि घर एकत्र सापडतं, जे बाजारातल्या मेडलला सहसा मिळत नाही. कारण शोध घेण्याच्या वाटा तोकड्या आहेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव-नंबर टाकून फुकट शोधता येतं. एकट्या बसऱ्याच्या स्मारकाखाली चाळीस हजारांहून जास्त माणसं नोंदलेली आहेत. पण ती यादी मेलेल्यांची. जो जिवंत परत आला, शेती केली, पोरंबाळं वाढवली आणि ओसरीवर विडी ओढत गेला, त्याची गोष्ट त्याच्या घरातच. बेळगावच्या मराठा सेंटरमधलं संग्रहालय बघायला रीतसर परवानगी काढावी लागते, तीही काढाच. पलटणींची गुंतागुंत तिथं एका दुपारीत डोक्यात बसते.

तर वीस हजारांचं माझं वाटप असं. एक भिंग, एक व्हर्निअर, चांगले कागदी लिफाफे. मराठा पलटणीचं नाव स्पष्ट असलेलं एकच व्हिक्टरी मेडल. उरलेले पैसे ठेवून द्यायचे, आणि शौर्यपदकांच्या वाटेला पहिली पाच वर्षं जायचंच नाही.

काल रात्री भाच्याचा फोटो आला. सातवीतल्या एका मुलाच्या पणजोबांचा तारा, १९१४-१५ चा, घरच्या देव्हाऱ्यातला. ताऱ्याला कड नसते, नाव पाठीवर असतं. पाठीवरच्या खाचांत कुंकू भरलेलं. आकडा ११७ वाटतोय, पण शेवटचा अंक पुसट आहे, ११४ सुद्धा असू शकेल. कुंकू काढू नको, टॉर्च बाजूने आडवी धर आणि पुन्हा फोटो काढ, असं कळवलंय.