लॉरेन मोटेल, मेम्फिस : मोर्चे काढणाऱ्यांनी एकदा तरी पाहावं

लेकीकडे अमेरिकेत मेम्फिसला येऊन तीन आठवडे झाले होते. गायक एल्विस प्रेस्लीचं घर बघून झालं, मिसिसिपीचा काठ बघून झाला. मग तिला म्हटलं, आता मला लॉरेन मोटेलला ने. 4 एप्रिल 1968 ला ज्या मोटेलच्या सज्जात काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी लागली, तिथेच 1991 पासून राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालय आहे.

मी नागपूरची. तेवीस वर्षं घरकामगार बायांच्या संघटनेत काम केलं. हिवाळी अधिवेशनावर मोर्चा न्यायचा म्हणजे महिनाभर आधीपासून डोक्यात तेच. पावती पुस्तकं कोणाकडे, कुठल्या वस्तीतून किती बाया, तान्ही पोरं कोण सांभाळणार, पाण्याचे ड्रम कुठे ठेवायचे, आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला पोलिसांनी अडवलं की पहिल्या रांगेत कोण बसणार. त्यामुळे हे संग्रहालय मी त्याच नजरेने पाहिलं, आणि त्या नजरेला इथे भरपूर मिळतं.

सुरुवातीचं गुलामगिरीचं दालन सावकाश बघा, घाई करू नका. पुढे माँटगोमेरीची बस लागते. त्या शहरात काळ्यांना बसमध्ये गोऱ्यांसाठी जागा सोडून मागे जावं लागायचं, त्याविरुद्ध त्यांनी बसवर बहिष्कार टाकला होता. आत चढून बसता येतं. बसलं की ड्रायव्हरचा दरडावणारा आवाज येतो, ऊठ, मागे हो. माझा नऊ वर्षांचा नातू दचकून अर्धा उठला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, उठू का?" मी म्हटलं, "बस तू." तो सीटची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसून राहिला. ही बस कशासाठी ठेवलीय ते मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

मी सगळ्यात जास्त रेंगाळले ते हॉटेलच्या काउंटरपाशी. 1960 साली काळे विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या काउंटरवर जाऊन बसत, त्याचा देखावा आहे. नॅशव्हिल शहरातल्या पोरांना या बसण्याचं शिक्षण दिलं जेम्स लॉसन या काळ्या पाद्र्यांनी. चर्चच्या खोलीत तालमी चालायच्या. निम्मी पोरं गुंडांची भूमिका करायची, शिव्या द्यायची, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायची, खुर्चीवरून खाली ओढायची. बाकीच्यांनी हात उचलायचा नाही, पडताना डोकं कसं वाचवायचं ते शिकायचं, शेजारच्याला मार बसत असेल तर मध्ये कसं पडायचं ते शिकायचं. अहिंसा म्हणजे मवाळ स्वभाव, असं समजणाऱ्यांनी इथे पाच मिनिटं उभं राहावं. ती अशी घोटून घोटून अंगात भिनवावी लागते.

आणि हे लॉसन आपल्या नागपूरला राहून गेलेले, बरं का! 1953 ते 1956 ते हिस्लॉप कॉलेजात होते, मिशनरी म्हणून शिकवायचे, मुलांना खेळ शिकवायचे, आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करायचे. माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची बातमी त्यांनी तिथेच, 'नागपूर टाइम्स'मध्ये वाचली. ते परतले त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाबासाहेबांनी त्याच शहरात लाखोंसह धम्म स्वीकारला. मी हिस्लॉपची विद्यार्थिनी, पण मला हे पन्नाशी उलटल्यावर कळलं. त्या काउंटरपाशी उभी असताना माझ्या डोळ्यांपुढे सिव्हिल लाइन्सचे रस्ते होते. लॉसन 2024 साली पंचाण्णवाव्या वर्षी गेले. भेटायला हवं होतं, ही हुरहूर राहील.

मग येतो तो कचऱ्याचा ट्रक. 1 फेब्रुवारी 1968 ला पाऊस होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे मेम्फिसचे दोन सफाई कामगार आडोशाला ट्रकच्या मागच्या भागात शिरले. कचरा दाबायचं यंत्र अचानक चालू झालं आणि दोघं चिरडले गेले. घरच्यांना पाचशे डॉलर आणि महिन्याचा पगार, बस. त्याच्या आदल्याच दिवसांत पावसामुळे काळ्या कामगारांना बिनपगारी घरी धाडलं होतं आणि गोऱ्यांचा पगार चालू होता. गळक्या टबांतून कचरा वाहायचा, अंगावर अळ्या पडायच्या. 12 फेब्रुवारीला सुमारे 1300 जण संपावर गेले, कामावर गेलेच नाहीत. त्यांच्या पाटीवर लिहिलं होतं, आय ॲम अ मॅन, म्हणजे मी माणूस आहे, आणि त्यातल्या 'ॲम'खाली रेघ. पन्नाशीच्या माणसालाही 'पोरा' म्हणून हाक मारणाऱ्या शहरात ती रेघ किती जड असेल! मी बराच वेळ त्या रेघेकडेच बघत होते.

लॉसन तेव्हा मेम्फिसमध्येच पाद्री होते, किंगना त्यांनीच बोलावलं. संपकऱ्यांसाठी किंगनी नेलेला 28 मार्चचा मोर्चा बिघडला, काचा फुटल्या, पोलिसांच्या गोळीने लॅरी पेन हा सोळा वर्षांचा मुलगा गेला. ज्याने कधी मोर्चा नेलाय त्याच्या पोटात हे वाचताना गोळा येतो. मोर्चा पुन्हा नीट काढायचा म्हणूनच किंग मेम्फिसला परतले होते. 8 एप्रिलला, ते गेल्यानंतर चार दिवसांनी, त्यांच्या पत्नी कोरेटा किंग पुढे आणि मागे चाळीसेक हजार माणसं मूकपणे चालली. 16 एप्रिलला तडजोड झाली. युनियनला मान्यता, पगारातून युनियनची वर्गणी कापायची सोय, तासाला पंधरा सेंट वाढ, तीही दोन हप्त्यांत. पंधरा सेंट!

किंग उतरले होते ती 306 नंबरची खोली काचेआडून दिसते. तिथे कोणी बोलत नाही, मीही फार लिहीत नाही.

किंग त्या वर्षी गरिबांची मोठी मोहीम उभी करत होते. काळे, गोरे, मेक्सिकन, पोर्तो रिकन, मूलनिवासी, सगळे गरीब एकत्र राजधानीत जाऊन बसणार होते. ते गेल्यावर त्यांचे सहकारी राल्फ ॲबरनॅथींनी ती मोहीम पुढे नेली. मिसिसिपीतल्या मार्क्स गावाहून खेचरांच्या गाड्या निघाल्या, वॉशिंग्टनच्या मैदानावर प्लायवूडच्या झोपड्यांची 'रिझरेक्शन सिटी', म्हणजे पुनरुत्थान नगरी, उभी राहिली. पाऊस आणि चिखल सोसत लोक सहा आठवडे राहिले, 24 जूनला पोलिसांनी वस्ती उठवली. मला वाटतं, मेम्फिसच्या मागण्या बोटांवर मोजता येत होत्या, समोर एक महापौर होता. तिकडे अख्खी गरिबीच मागणीपत्रात होती. तरी ज्यांनी त्या चिखलात रात्री काढल्या त्यांना मी मनापासून नमस्कार करते.

आणखी एक सांगायलाच हवं. या मोटेलात राहणाऱ्या शेवटच्या भाडेकरू बाईला 1988 मध्ये बाहेर काढलं गेलं, आणि ती कित्येक वर्षं समोरच्या रस्त्यावर बसून राहिली. तिचं म्हणणं, किंगच्या नावाचा पैसा गरिबांच्या घरांवर खर्च करा. आत जाण्याआधी हे माहीत असू द्या. माझ्या मते तिचं म्हणणंही खरं आहे आणि संग्रहालयही हवं.

मंगळवारी बंद असतं. चार तास हाताशी ठेवा. गोळी जिथून झाडली ती समोरची इमारतही बघा. लहान मुलांना जरूर न्या, पण वाटेत थोडं सांगून ठेवा.

निघताना लेकीला म्हटलं, गाडी क्लेबॉर्न टेंपलकडे घे. संपकरी रोज तिथून निघायचे. ते चर्च एप्रिल 2025 मध्ये आगीत जळालं. शेजारच्या चौकात दगडी भिंतीवर संपकऱ्यांची नावं कोरलीत. नातवाने एका नावावर बोट ठेवून ते मोठ्याने वाचलं, मग खालचं, मग त्याच्या खालचं. लेक म्हणाली, "आई, उशीर होतोय." मी म्हटलं, "ही रांग तरी होऊ दे."