महिन्याची पुडी की रोजची गोळी?

दोन वर्षांपूर्वी रक्ताच्या रिपोर्टमध्ये माझं व्हिटॅमिन डी ११ आलं, म्हणजे फारच कमी. आठ आठवडे दर रविवारी ६०,००० युनिटची पुडी दुधातून घेतली, तेव्हा ते ३४वर गेलं. ते तिथे टिकवायचं तर महिन्याला एक पुडी घ्या, नाहीतर रोज २,००० ची गोळी, असं डॉक्टर म्हणाल्या, हिशेब सारखाच. मी दोन्ही सहा-सहा महिने करून पाहिलं.

आधी उन्हाचं बोलते, कारण घरोघरी पहिला सल्ला तोच मिळतो. मीही सकाळी सातला गच्चीत उभी राहायचे. पण कोवळ्या उन्हात डी तयार करणारे किरण फार थोडे. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते, तेव्हाचं ऊन हवं. त्या वेळी मी ऑफिसात काचेआड, आणि काच ते किरण अडवते. स्कूटरवर स्कार्फ, सनकोट, हातमोजे. पुण्यात आपण बहुतेक जणी अशाच फिरतो. दुपारी गच्ची मिळत असेल तर ऊन जरूर घ्या. माझ्या दिवसात ते बसत नाही.

पुडी एकदा घेतली की महिनाभर आठवण ठेवायला नको. माझं घोडं तिथेच अडलं. एक तारखेला पाहुणे आले की ती राहून जायची आणि दहा तारखेला मनात यायचं, घेतली होती का? कालनिर्णयवर खूण केली, तर ती दुधाच्या खाड्यांत हरवली. रिकामं पाकीट केव्हाच कचऱ्यात गेलेलं. गोळी चुकून दोनदा घेतली गेली तर फार काळजी नाही, पण ६०,००० अंदाजाने पुन्हा घ्यायला हात धजेना. डी शरीरातल्या चरबीत साठतं, आणि फारच वाढलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. त्या धास्तीने दोन महिने पुडी घेतलीच नाही. पुढच्या तपासणीत आकडा २२.

आता गोळ्यांची स्ट्रिप साजूक तुपाच्या बरणीशेजारी असते. रात्री वरणावर तूप घेतलं की गोळी आठवते, आणि स्निग्ध जेवणाबरोबर ती अंगीही चांगली लागते. एखाद्या रात्री राहिली तर जिवाला घोर नाही. सहा महिन्यांनी ३३.

माझ्या जाऊबाईंना रोज गोळी म्हणजे आजारपण वाटतं. त्या पुडी घेतात, न चुकता. तशी शिस्त असेल तर पुडीत काही उणं नाही. मुतखडा झालेला असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. पण मुलांच्या फीपासून सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्यांपर्यंत सगळ्यांच्या तारखा जिच्या डोक्यात आहेत, तिने स्वतःसाठी आणखी एक तारीख वाढवण्याआधी स्ट्रिप तुपाशेजारी ठेवून बघावी.