बेल हाउसिंगमधला चिंधीचा बोळा

जुना विकाऊ ट्रक. सहाचाकी, २०१६ मॉडेल, टिल्ट केबिन. घेणाऱ्याने केबिन पुढे झुकवून पाहिली, तर खाली इंजिन नवंकोरं. ब्लॉक काळा कुळकुळीत, टॅपेट कव्हर चंदेरी, होज पाइपांना तकाकी. बयाणा तिथेच दिला गेला. चौथ्या दिवशी घाटात क्लच सटकायला लागला. गॅरेजात गिअरबॉक्स उतरवला तेव्हा क्लच प्लेट इंजिन ऑइलने माखलेली निघाली. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लच झाकणारं कवच म्हणजे बेल हाउसिंग. त्याच्या तळाला एक भोक असतं, त्यात चिंधीचा बोळा ठासून वरून काळा रंग मारला होता.

ते भोक कंपनीने मुद्दाम ठेवलेलं असतं. क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं सील गळायला लागलं की ऑइल तिथून खाली टपकतं आणि ड्रायव्हरला कळतं. भोक बुजवलं की जमिनीवर थेंब दिसत नाही. ऑइल आत साठतं, फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक) ते उडवतं आणि क्लच प्लेट भिजते. सील स्वस्त असतं, पण तिथवर पोचायला गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावं लागतं. शिवाय भिजलेली प्लेट धुऊन भागत नाही, बदलावीच लागते. विकणाऱ्याने हा सगळा खर्च एका चिंधीत आणि लिटरभर रंगात मिटवला होता.

हा मेकअप कसा होतो ते समजलं की ओळखणं सोपं जातं. आधी डिझेलचा फवारा मारून चिकटा काढतात, मग प्रेशरने पाणी, मग कॉम्प्रेसरची हवा. जिथून गळतं तिथे पॅकिंग न बदलता बाहेरूनच सिलिकॉन फासतात, चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या) कडेला आणि टायमिंग कव्हरच्या सांध्यावर हमखास. त्यावर थिनर पुसून एनॅमलचा स्प्रे. ऑइल आतून दाबाने येत असतं, त्यामुळे बाहेरून लावलेलं सिलिकॉन तापलं की सुटतं. थोडे दिवस लोड ओढला की रंगाला फोड येतात आणि त्याखालून ओल दिसते.

स्प्रे मारणारा घाईत असतो, त्यामुळे खुणा राहतात. वायरिंगच्या टेपवर, होजच्या क्लिपवर, फॅन बेल्टच्या कडेवर रंगाचे तुषार दिसतात. डिझेल पंपाच्या मागे, सेल्फच्या (स्टार्टर मोटरच्या) वर, ब्लॉक आणि बेल हाउसिंगच्या सांध्यापाशी नोझल पोचत नाही. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन तिथे पाहा, बोट फिरवा. पुढे चकचकीत आणि मागे ऑइलमिश्रित धुळीचा थर, म्हणजे इंजिन विक्रीपुरतं सजवलंय. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर साधा एनॅमल जळून धूर करतो म्हणून तो तसाच ठेवतात. गंजका मॅनिफोल्ड आणि शेजारी नवे दिसणारे बोल्ट ही जोडी संशयाचीच.

रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. आतल्या बाजूला पिवळट-तपकिरी गाळ असेल तर हळदीचा वास येतो का पाहा. गळकं रेडिएटर हळद टाकून तात्पुरतं बुजवणं हा वाटेत अडकलेल्या ड्रायव्हरचा जुना जुगाड, त्यात गैर काही नाही. विकायला उभ्या केलेल्या गाडीत तो सापडला, तर मात्र कूलंटच्या नळ्याही अर्ध्या चोंदल्यात असं धरून भाव करा.

तुम्ही जायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर त्या दिवशी सौदा करू नका. ब्लॉकवर हात ठेवला की कळतं. थंड इंजिन आपल्यासमोर चालू करायला लावा, आयडलवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढून त्याच तोंडावर उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धुराचा भपका येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर झिजून संपलेत. हे लपवायला जाड ऑइल भरतात, म्हणून गेज (ऑइल मोजायची पट्टी) काढून ऑइल बोटावर घ्या. मधासारखं चिकट वाटलं तर ते का भरलंय ते विचारा. मग माल भरलेली गाडी ४०-५० किलोमीटर चालवा आणि रात्रभर इंजिन ते गिअरबॉक्सपर्यंत खाली पुठ्ठा अंथरून उभी करा. सकाळी पुठ्ठा बघा. आणि हो, बेल हाउसिंगचं ते भोक खिळ्याने टोचून मोकळं आहे ना, हे चालवायच्या आधीच पाहा.

प्रत्येक स्वच्छ इंजिन फसवंच असतं असं नाही. चांगला मालक इंजिन थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतो, अल्टरनेटर, एअर इनटेक आणि वायरिंगचे कपलर (जोड) प्लास्टिकने बांधतो, पाण्यात मिसळलेलं डिग्रीझर ब्रशने घासतो आणि कमी दाबाच्या पाण्याने धुतो. डिझेल वापरत नाही, कारण त्याने होजचं रबर फुगतं आणि मागे उरलेल्या तवंगावर धूळ दुप्पट बसते. बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांत तर प्रेशरचं पाणी सेन्सरच्या कपलरमध्ये शिरतं आणि चेक लाइट पेटते. असं धुतलेलं इंजिन स्वच्छ दिसतं, पण जुनंच दिसतं. रबर काळपट, बोल्ट मळकट, स्टिकर विटलेले.

इंजिन नंबरवर रंगाचा थर असेल तर थिनरच्या फडक्याने स्वतः पुसा आणि आरसीशी अंक न् अंक ताडून पाहा. बोळावाल्या गाडीचा नंबर बरोबर होता. घेणाऱ्याचा हात अडकला तो सौदापावतीवरच्या छापील ओळीत: ‘गाडी जशी आहे तशी पाहून घेतली, नंतर तक्रार चालणार नाही.’ ती ओळ खोडायला लावा आणि तिथे हाताने लिहून घ्या की क्रँक सील, हेड गॅसकेट आणि रेडिएटर गळत नाहीत, अमुक दिवसांत गळाले तर दुरुस्ती विकणाऱ्याकडे. खाली त्याची सही. सहीला तयार नसेल तर बयाणा खिशातच ठेवा आणि पुढची गाडी बघा.