आईचा फॉलोअप एमआरआय – स्कॅन सेंटरचा अनुभव (पुणे)

आईचं ब्रेन ट्यूमरचं ऑपरेशन झालं, ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा वेगाने वाढणारा कॅन्सर) निघाला, मग 6 आठवडे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या (किमोच्या) गोळ्या. आता दर 2-3 महिन्यांनी एमआरआय असतो. ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांना माहितीय, स्कॅनच्या आधीचा आठवडा कोणाच्याच घशाखाली घास उतरत नाही.

रेडिएशननंतरचा पहिला स्कॅन आम्ही दुसरीकडे केला होता, घराजवळ आणि स्वस्त म्हणून. त्यांनी जुनी सीडी मागितलीच नाही आणि रिपोर्टमध्ये सरळ लिहून टाकलं की गाठ वाढलीय. बाबा तो कागद हातात घेऊन जिन्यातच बसले. नंतर डॉक्टरांनी समजावलं की रेडिएशन संपल्यावर पहिले 3 महिने सुजेमुळे तो भाग कॉन्ट्रास्टमध्ये (शिरेतून देतात ते औषध, त्याने स्कॅनमध्ये गाठ उठून दिसते) गाठ वाढल्यासारखाच चमकू शकतो, त्याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात, एका स्कॅनवरून काही ठरवायचं नाही, काही आठवड्यांनी परफ्युजनसकट (त्या भागातला रक्तपुरवठा बघणारा स्कॅन, गाठ खरंच वाढत असेल तर तो सहसा वाढलेला दिसतो) परत करा आणि शक्यतो यापुढे एकाच मशीनवर करत जा.

म्हणून या सेंटरला आलो, 3 टेस्लाचं (जास्त ताकदीच्या चुंबकाचं) मशीन आहे. फोनवरच सांगितलं की क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आणि आधीच्या सगळ्या सीडी आणा, नुसत्या फिल्म नको. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा डोस किती चालू आहे, कधी कमी केला, हेही लिहून घेतलं, कारण स्टिरॉइडने सूज उतरते आणि कॉन्ट्रास्ट पण कमी दिसू शकतो. हे आधी आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं!

आत जाताना आई मंगळसूत्र काढायला तयार नव्हती. तिथल्या ताईंनी घाई केली नाही, तिच्याच रुमालात बांधून माझ्या हातात दिलं, बांगडीत अडकवलेल्या 3 सेफ्टी पिना एकेक करून काढल्या, आणि म्हणाल्या काचेच्या बांगड्या राहू द्या मावशी, काचेला काही होत नाही. तेवढ्यानेच आई शांत झाली. किमोमुळे शीर सापडत नव्हती, दोनदा टोचावं लागलं, पण तिसऱ्यांदा प्रयत्न न करता सीनियरना बोलावलं. आत 40 मिनिटं, कानात बोळे, हातात दाबायचा रबरी फुगा, आणि मधूनमधून स्पीकरवरून "मावशी, अजून पाचच मिनिटं".

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला. त्यात ऑपरेशननंतरच्या आणि त्या आधीच्या स्कॅनशी तुलना करून मापं मिलिमीटरमध्ये दिली होती, परफ्युजन वाढलेलं नाही असं स्पष्ट लिहिलं होतं. आमचे डॉक्टर म्हणाले असाच रिपोर्ट पाहिजे.

तक्रार एकच, वेटिंगला जागा फार कमी आहे, डोक्यावर टाके असलेल्या पेशंटला दीड तास प्लास्टिकच्या खुर्चीत बसवणं बरोबर नाही, एखादा बेड तरी ठेवा. परफ्युजनचे पैसे वेगळे पडतात पण ते आधीच सांगतात. सकाळी 7 चा स्लॉट मागून घ्या, तेव्हा गर्दी नसते. आमची पुढची तारीख तिथेच घेतलीय.