कोकणातल्या घरासाठी पहिला टॅरंटुला: कर्ली हेअर की रेड नी?

पहिलाच टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळू पाहणाऱ्याला जाणकारांकडून बहुधा दोन नावे ऐकायला मिळतात. एक म्हणजे होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या भागांतला कर्ली हेअर, शास्त्रीय नाव ट्लिल्टोकॅटल अल्बोपिलोसस. दुसरा मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्यालगतच्या प्रदेशातला रेड नी, म्हणजे ब्रॅकीपेल्मा हमोरी. दोन्ही कोळी जमिनीवर वावरणारे, संथ आणि पाय पसरले असता साधारण तेरा-चौदा सेंटिमीटर भरणारे आहेत, आणि दोघांचेही विष माणसाच्या दृष्टीने सौम्य आहे. त्यामुळे सर्वसाधारण तुलनेत निवड रंगावर येऊन थांबते आणि काळ्या पायांवर नारिंगी गुडघे मिरवणारा रेड नी सहज बाजी मारतो. मात्र ज्या घराच्या भिंतींना जून ते सप्टेंबर ओल असते, तिथे निवडीचा निकष रंग नसून पावसाळा असायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रेड नी ज्या झुडपी, पानगळीच्या प्रदेशातला आहे, तिथे वर्षाचा मोठा काळ कोरडा जातो. त्याच्या पेटीतली माती बहुतांशी कोरडी ठेवून एका कोपऱ्यात पाण्याची उथळ वाटी ठेवावी, एवढीच त्याची अपेक्षा असते; आणि नेमकी हीच अपेक्षा रत्नागिरी-सिंधुदुर्गात, जिथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, पुरी करणे कठीण जाते. पावसाळ्यात कोरडी माती घातली तरी ती हवेतला ओलावा धरते, खाऊन टाकलेल्या किड्याच्या अवशेषांवर दोन दिवसांत बुरशी येते आणि तिच्या पाठोपाठ माइट नावाचे बारीक पांढरे जीव दिसू लागतात. कर्ली हेअर मूळचा दमट रानातला असल्याने मातीतला ओलावा त्याला मानवतो. कोंडलेली हवा मात्र त्यालाही चालत नाही. म्हणून पेटी कोणाचीही असो, समोरासमोरच्या दोन बाजूंना जाळी हवी, म्हणजे हवा आरपार खेळते. काचेवर आतून धरलेले बाष्प सकाळ उलटूनही तसेच राहत असेल, तर जाळी अपुरी आहे असे खुशाल समजावे.

तापमानाची चिंता किनारपट्टीवर जवळजवळ नाही. थंड देशांतल्या पुस्तकांत सांगितलेला दिवा किंवा गरम पट्टी इथे विकत घेऊ नये. उलट एप्रिल-मेमध्ये पेटी पत्र्याच्या छपराखाली किंवा पडवीतल्या उन्हात न ठेवता माजघरासारख्या गार खोलीत ठेवावी. पेटीत घालायला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, उत्तम, आणि तो आपल्याकडे मुबलक मिळतो. परंतु खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या सोडणाचा काथ्या असेल तर त्यात मीठ उरलेले असते, म्हणून गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन, पिळून, उन्हात वाळवूनच तो वापरावा. थर जाड द्यावा. मातीपासून झाकणापर्यंतची उंची कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त असू नये, कारण जड अंगाचा हा प्राणी काचेवर चढून पडला तर त्याचे पोट फुटू शकते. याच कारणासाठी त्याला हातावर घेण्याचा हट्टही सोडावा.

स्वभावात फरक आहे, पण तो मोठा नाही. दोघांच्याही पोटावर खाज आणणारे केस असतात आणि धोका वाटला की मागच्या पायांनी ते झाडले जातात. रेड नी त्याबाबत जास्त तत्पर असतो, म्हणून पेटी साफ करताना डोळे सांभाळावेत आणि लांब चिमटा वापरावा. खाण्यात मात्र कर्ली हेअर नवख्याला धीर देतो: तो सहसा भूक मोडत नाही आणि वाढतोही लवकर. रेड नी अगदी सावकाश वाढतो आणि कित्येकदा महिनोन्‌महिने उपाशी बसतो. त्यात काही बिघडलेले नसते, परंतु पहिल्यांदाच पाळणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो.

खाद्य म्हणून पाळीव रातकिडे किंवा पैदास केलेली झुरळे द्यावीत. स्वयंपाकघरातले झुरळ कधीही देऊ नये, कारण त्याच्या अंगात कीटकनाशक असू शकते. डासांची कॉइल, लिक्विडची यंत्रे आणि पालिकेची धूरफवारणी यांतली रसायने कोळ्यालाही घातक आहेत, तेव्हा पेटीच्या खोलीत ती लावू नयेत. लाल मुंग्यांसाठी आपल्याकडचा जुनाच उपाय धरावा: मेजाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत.

मुंग्यांचे एवढे मनावर घेण्याचे कारण कात टाकण्याच्या वेळी कळते. कोळी चक्क पाठीवर उताणा पडतो, पाय वर करून तासन्‌तास निपचित राहतो आणि मग जुन्या कवचातून एकेक पाय ओढून काढतो. तो मेला असे समजून कित्येक जण त्याला हलवतात, आणि त्या हलवण्यानेच त्याला इजा होते. बाहेर आलेल्या कोळ्याचे सुळे आरंभी पांढरे, मग तांबूस आणि शेवटी काळे होतात. ते काळे होईपर्यंत पेटीत जिवंत किडा सोडू नये, कारण अशा वेळी किडाच कोळ्याला कुरतडतो.

चिलीतला रोज हेअर टॅरंटुला स्वस्त मिळाला तरी तो कोरड्या प्रदेशाचा असल्याने किनाऱ्यावर विचारात घेऊ नये. ‘आपल्याच हवेतला म्हणून सोपा’ या समजुतीने भारतीय टॅरंटुला घेणे तर दोन अर्थांनी चूक आहे. त्यांतले झाडांच्या ढोलीत राहणारे पोएसिलोथेरिया गटातले कोळी विजेच्या वेगाने पळतात, आणि त्यांच्या चाव्याने स्नायूंना येणारे पेटके दिवसेंदिवस टिकू शकतात. शिवाय त्यांची संपूर्ण प्रजाती २०१९ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेतली गेली आहे. जांभ्याच्या दरडीत रेशमी अस्तराची बिळे दिसतात त्यांतला कोळी खणून आणू नये. त्याला रात्री टॉर्चच्या उजेडात बिळाच्या तोंडाशी पाहावे.

ब्रॅकीपेल्मा प्रजातीही त्याच परिशिष्टात आहे आणि कर्ली हेअर अलीकडेपर्यंत तिच्यातच गणला जात असे. म्हणून दोघांपैकी कोणताही घेताना मूळ खरेदीची कागदपत्रे मागावीत आणि २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी. कागद दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून कोळी घेऊ नये.

आयुष्याचा विचार घरातल्या सगळ्यांनी बसून करावा. रेड नीची मादी पंचवीस वर्षांच्याही पुढे जाऊ शकते, कर्ली हेअरची वीसच्या आसपास. नर मात्र त्यांच्या मानाने फारच कमी जगतात. दहावीतल्या मुलाने आणलेला कोळी तो शिक्षणासाठी मुंबई-पुण्याला गेल्यावर आईवडिलांच्याच पदरात पडतो. खाणे दोन-तीन आठवडे चुकले तरी मोठ्या कोळ्याचे अडत नाही, पण पाण्याची वाटी कोरडी पडता कामा नये.

ज्यांच्या घरी पावसाळ्यातही कोरडी राहणारी खोली आहे आणि कोळी महिनाभर उपाशी राहिला तरी जे अस्वस्थ होणार नाहीत, त्यांनी रेड नी अवश्य घ्यावा. इतरांनी कर्ली हेअर घ्यावा, तोही अगदी बारीक पिल्लू न घेता निदान पाच-सहा सेंटिमीटरचा, आणि तो दसऱ्यानंतर आणावा, म्हणजे पुढच्या पावसाच्या आत पेटीतला ओलावा आणि त्याच्या सवयी ओळखायला सात-आठ महिने मिळतात.