परदेशी निधीचं प्रशिक्षण: हॉटेलातले दोन दिवस की शाळेतले रविवार?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका मित्राचा परवा फोन आला. त्याच्या संस्थेकडे सीएसआरचे, म्हणजे कंपनीने समाजकामासाठी दिलेले, थोडे पैसे आलेत. पंच, सचिव आणि बचत गटांच्या बायकांना परदेशी निधीबद्दल शिकवायचंय, आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचाय. त्याच्यासमोर दोन वाटा आहेत. बाहेरचा सल्लागार बोलावून पणजीच्या बाजूला एखाद्या हॉटेलात दोन दिवसांची निवासी कार्यशाळा घ्यायची, नाहीतर गावातल्याच शाळेच्या वर्गात रविवार-रविवार बसून एक खराखुरा प्रस्ताव लिहायला घ्यायचा. "तू दोन्ही करून बसलायस, सांग काय करू," म्हणाला. अर्धा तास बोललो तरी अर्धं राहिलंच, म्हणून हे लिहितोय.

पंचांचं नेहमीचं सरकारी प्रशिक्षण जुन्या गोव्याला एला इथे गिपार्ड या सरकारी प्रशिक्षण संस्थेत होतं. ते वेगळं, ते करावंच, त्याची तुलना इथे करत नाही. ऑनलाइन कोर्सचं म्हणाल तर आमच्यातल्या तिघांनी एक पुरा केला. प्रमाणपत्रं छान छापली होती.

आमची निवासी कार्यशाळा २०२२ च्या अखेरीस झाली. ऑगस्टमध्ये पंचायत निवडणुका होऊन गेल्या होत्या, नवे पंच उत्साहात होते. पेडणे आणि डिचोलीतून मिळून बत्तीस जण जमले. सल्लागार मोठ्या शहरातून आलेला, माणूस हुशार, बोलायला मिठ्ठास. त्याच्याकडून शिकायला मिळालं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पैशाचा आवाका म्हणजे काय हे मला त्याच्यामुळे समजलं. हरित हवामान निधीने २०१८ साली आंध्र, महाराष्ट्र आणि ओडिशाच्या किनारपट्टीसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलर्स मंजूर केले, त्यात आमच्या शेजारचा सिंधुदुर्ग आहे. म्हणजे तो पैसा तेरेखोल नदीच्या पलीकडे आहे, अलीकडे नाही. नकाशावर त्याने ते दाखवलं तेव्हा सगळा हॉल एकदम गप्प झाला. असले निधी गावाने अर्ज करून येत नाहीत, त्यांना नाबार्ड किंवा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेसारखी मान्यताप्राप्त दारं लागतात, हेही त्याने नीट समजावलं. जायका या जपानी सरकारी संस्थेचं कर्ज आपल्याला माहीत असतं ते रस्ते खोदले म्हणून. पण साळावली धरणाचं पाणी आणि मलनिस्सारण यांच्यासाठीचा तो करार २००७ चा, तो पैसा जपानकडून केंद्रामार्फत राज्याला येतो, आणि पंचायतीच्या वाट्याला येतात जागा, ना हरकत दाखले आणि ग्रामसभेतला गोंधळ. हे कुणीतरी सलग सांगायला हवं होतं, आणि ते त्याने सांगितलं.

जेवण चांगलं होतं. ओळखी झाल्या, त्यातल्या दोन-तीन अजून टिकून आहेत. बायकांपैकी मात्र बऱ्याच जणी रात्री राहिल्या नाहीत. संध्याकाळी घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी कदंबा बसने परत आल्या, तोवर सकाळचं सत्र अर्धं झालेलं. निवासी शब्दाचा आपल्याकडे हा एक घोटाळा आहेच.

पण माझं मन फिरलं ते एका प्रश्नामुळे. पहिल्या दिवशी अकराच्या सुमारास आमच्या एका पंच बाईंनी हात वर केला. चहा नुकताच फिरला होता. त्या म्हणाल्या, "सर, पयशे कोणाच्या खात्यांत येतले?"

सल्लागार हसून म्हणाला, "मॅडम, बहुत अच्छा सवाल. लास्ट सेशन में लेंगे."

दुपारी दुसऱ्या कुणीतरी तेच विचारलं. उत्तर तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा सगळे हसले. लास्ट सेशन चार वाजता होतं. पावणेचार वाजता समारोपाचे पाहुणे आले, त्यांची भाषणं झाली, ग्रुप फोटो झाला, आणि पेडण्याच्या बसची वेळ झाल्यावर माणसं पिशव्या शोधायला लागली. खात्याच्या प्रश्नाला दहा मिनिटं मिळाली. त्या दहा मिनिटांत पडद्यावर जी स्लाइड आली ती २०२० च्या आधीची होती. मोठी संस्था परदेशातून पैसे घेणार आणि लहान संस्थेला वाटून देणार, असं तिच्यात बाण काढून दाखवलं होतं.

हे तेव्हा मलाही कळलं नाही. कळलं ते चार महिन्यांनी. कार्यशाळेतून उत्साहाने आलेल्या एका गावाने खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीच्या, बांधासाठी प्रस्ताव केला, एका परदेशी फाउंडेशनला पाठवला, अर्जदार म्हणून पंचायत आणि सही सरपंचांची. उलट एका ओळीची ईमेल आली: एफसीआरए नोंदणी क्रमांक पाठवा. तिथेच गाडी थांबली.

ज्यांना हा कायदा पाठ आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा. २०१० च्या परदेशी योगदान नियमन कायद्यात, म्हणजेच एफसीआरएत, ज्यांनी परदेशी पैसा घ्यायचा नाही त्यांची यादी आहे. त्यात विधिमंडळाचे सदस्य येतात, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत विधिमंडळ म्हणजे संसद आणि विधानसभाच नव्हे, नगरपालिका आणि पंचायतसुद्धा. म्हणजे आमच्या वाड्यावरचा पंच या एका बाबतीत खासदाराच्या पंक्तीला बसतो. २०२० च्या दुरुस्तीने आणखी तीन गाठी मारल्या. एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसरीला देता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. आणि पैसा पहिल्यांदा उतरणार तो स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच, पुढे खर्चासाठी गावच्या बँकेत खातं काढता येतं. नोंदणी हवी तर संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्चलेली पाहिजे. तेवढं नसेल तर देणगीदाराचं ठराविक रकमेचं, ठराविक कामासाठीचं पत्र घेऊन पूर्वपरवानगी मागायची. संयुक्त राष्ट्रं आणि जागतिक बँक या कायद्याच्या लेखी परदेशी स्रोतच नाहीत, ती एक वेगळी वाट.

आता सांगा, हे शेवटच्या सत्रात घ्यायचं की पहिल्या? अर्ज कुणी करायचा हेच यावर ठरतं. कागदावर कुणाचं नाव टाकायचं ते माहीत नसताना दोन दिवस उद्दिष्टं आणि निर्देशक लिहिणं म्हणजे नवरा ठरायच्या आधी पत्रिका छापणं.

म्हणून २०२४ च्या जानेवारीत दुसरा प्रकार करून पाहिला. शापोरा नदीकाठचं एक गाव, प्राथमिक शाळेचा वर्ग, अठरा माणसं, बसायला लहान मुलांचे बाक. पहिल्या रविवारी म्हापशाचे एक सीए आले. त्यांनी फळ्यावर एका टोकाला परदेश आणि दुसऱ्या टोकाला गाव लिहिलं, मध्ये एक लांब बाण ओढला आणि म्हणाले, आता हा पैसा कुठे कुठे अडेल ते तुम्हीच सांगा. अडीच तास तेवढंच चाललं. सरपंच गावच्या शेतकरी संघाचेही अध्यक्ष होते. सीएंनी सल्ला दिला की संघाच्या नावाने अर्ज करायचा तर तुम्ही बाजूला व्हावं हे बरं. त्यांनी जरा तोंड वाकडं केलं, पण पुढच्या बैठकीत पद सोडलं. हॉटेलात हे घडलं असतं असं मला वाटत नाही, कारण तिथे संघाचे बाकीचे चौघे समोर नव्हते.

लॉगफ्रेमचं, म्हणजे प्रस्तावातल्या उद्दिष्टं-निर्देशक-गृहीतकांच्या तक्त्याचं, तेच. हॉटेलात आम्हाला भरलेला नमुना दिला होता, कुठल्याशा काल्पनिक गावाचा. त्याच्या शेवटच्या गृहीतकांच्या रकान्यात 'राजकीय स्थैर्य राहील, पाऊस सरासरीइतका होईल' असं लिहिलेलं. बत्तीसच्या बत्तीस जणांनी ते उतरवून घेतलं. शाळेत तो रकाना रिकामा होता. कामाचा विषय होता मानस दुरुस्त करून शेतात खारं पाणी शिरणं थांबवायचं. बाहेरच्यांसाठी सांगतो, मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं पाण्याचं दार. भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. प्रस्तावात लाकडी दारं, दगडी काम, मजुरी सगळं लिहून झालं. मग एक वयस्कर शेतकरी, सबंध सकाळ बाकावर अवघडून बसलेले, म्हणाले, "दार नवं घाला, पण पावणी (लिलाव) घेणारा ते रात्री उघडूनच ठेवणार ना?"

मानशीवरची मासळी पकडायचा हक्क दरवर्षी पावणीत जातो. ज्याने बोली लावली तो पैसे वसूल करायला भरतीच्या वेळीही दार उघडं ठेवतो, मासळी आत येते, तिच्यामागून खारं पाणी येतं आणि शेत जातं. गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण प्रस्तावात कुणी लिहिलं नव्हतं, कारण प्रस्तावात असलं काही लिहितात हेच माहीत नव्हतं. त्या दिवशी गृहीतकांच्या रकान्यात पहिलं वाक्य आलं: 'पावणीच्या अटींत भरतीला दार बंद ठेवण्याची अट असेल आणि ती मोडल्यास अनामत जप्त होईल.' परदेशी देणगीदार ज्याला टिकाऊपणा म्हणतात तो हाच असावा.

आणखी एक झालं. चौथ्या की पाचव्या रविवारी कुणीतरी विचारलं, बांधाचं काम तर कृषी खात्याचा मृदसंधारण विभाग करतो, मग ते पैसे परदेशातून कशाला मागायचे? खरंच होतं. प्रस्ताव निम्म्याहून लहान झाला. उरलं ते पाण्याचा खारटपणा मोजणं, खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या कोरगुट भाताचं बियाणं जमवणं आणि हिशेबासाठी एक मुलगी नेमणं. एका रविवारी टेम्पो ट्रॅव्हलर करून वेंगुर्ल्याला गेलो, मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात ते बघायला. यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) आणि जागतिक पर्यावरण निधीच्या सिंधुदुर्गातल्या प्रकल्पातून उभं राहिलेलं काम. येताना गाडीत कांदळवनाबद्दल फार कुणी बोललं नाही. होडी कुणाच्या नावावर, मोडली तर दुरुस्ती कुणाची, यावरच पेडण्यापर्यंत वाद.

रविवारच्या वर्गाचे हाल सांगितले नाहीत तर मित्र मला नंतर शिव्या घालेल. आठ रविवार ठरवले होते, लागले चौदा. जत्रा, काले, मे महिन्यातली लग्नं, मग पेरणी, मग चवथ. एका रविवारी ग्रामसभा आली आणि वर्गात मी आणि शाळेचा शिपाई दोघेच. एकाच गावाच्या एकाच कामावर शिकलेली माणसं कचऱ्याचा किंवा पर्यटनाचा प्रस्ताव लिहू शकतील का, मला खात्री नाही. शिकवणाराही थकतो. आणि सीएसआरवाल्यांना दाखवायला काहीच नसतं: बॅनर नाही, फोटो म्हणजे बाकावर गुडघे दुमडून बसलेली माणसं. खर्च एवढा कमी झाला की उरलेले पैसे परत करताना आम्हालाच कारणं द्यावी लागली.

तेव्हा ज्याला ३१ मार्च गाठायचाय, बारा तालुक्यांतली माणसं एकत्र आणायचीत, किंवा पालिकेतल्या अधिकाऱ्यांना निधीचं जग एकदा वरून दाखवायचंय, त्याने हॉटेल घ्यावं, त्यात कमीपणा नाही. आमचा अनुभव एका कार्यशाळेचा आणि एका वर्गाचा, त्यावरून नियम काढू नये हेही खरं. तरी मला कुणी पुन्हा पैसे दिले तर मी शाळेची किल्लीच मागेन. चवथ झाल्यावर सुरू करावं आणि कापणीचे दिवस सोडावेत. सीए पहिल्या रविवारी बोलवावा, त्याला मानधन द्यावं, आणि मोठे बाक माध्यमिक शाळेतून आणावेत.

शेतकरी संघाचा अर्ज अजून पूर्वपरवानगीच्या पायरीवर आहे. देणगीदाराचं पत्र आलंय, पैसे नाहीत. पावणीची नवी अट मात्र या वर्षीपासून लागू झाली.

मित्राने शेवटी हॉटेलच ठरवलं, मार्च त्याच्या मानगुटीवर बसलाय. मी त्याला एवढंच म्हटलं, खात्याचं सत्र पहिल्या दिवशी, चहाच्याही आधी ठेव. त्याने सल्लागाराला तसं कळवलं, सल्लागाराने लगेच होकार दिला. काल वेळापत्रक आलं. दुसरा दिवस, दुपारी चार.