छतावर तंबू असलेली भाड्याची गाडी: अॅलिस स्प्रिंग्ज ते उलुरू, सहा रात्री

जुलैच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही मेलबर्नहून विमानाने ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील अॅलिस स्प्रिंग्जला गेलो आणि तेथून छतावर दोन तंबू बसवलेली डबल कॅब टोयोटा हायलक्स सात दिवसांसाठी भाड्याने घेतली. गाडीत आम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई असे चौघे होतो. अशा गाड्या अनेक कंपन्या साधारण याच मांडणीत देतात, त्यामुळे हे परीक्षण एखाद्या कंपनीचे न समजता या प्रकारच्या गाडीचे समजावे.

गाडी म्हणून हायलक्सबद्दल तक्रार नाही. पहिली रात्र ऑर्मिस्टन गॉर्जला काढून आम्ही टायलर्स पासमार्गे मेरिनी लूपला लागलो. दीडशे किलोमीटरहून लांब असलेला हा मुख्यतः कच्चा रस्ता आदिवासींच्या मालकीच्या जमिनीतून जातो. त्यासाठी आधी परवाना काढावा लागतो, आणि वाटेत मुक्काम करता येत नाही. रस्त्यावर आडव्या लाटा उठलेल्या असतात, आणि त्यावरून जाणे म्हणजे पन्हळी पत्र्यावरून गाडी हाकण्यासारखे आहे. टायरमधली हवा ३८ पीएसआयवरून २८ पर्यंत उतरवली, तेव्हा कुठे बोलणे एकमेकांना ऐकू येऊ लागले. हवा भरण्याचा पंप आणि दाब मोजायचे यंत्र गाडीसोबत मिळाले होते व दोन्ही चांगली चालली.

खरी उणीव मागच्या दाराच्या रबरात निघाली. वरच्या कोपऱ्यात ते सुमारे बोटभर सुटलेले होते आणि गाडी ताब्यात घेताना ते ना आम्ही पाहिले, ना दाखवणाऱ्याने. किंग्ज कॅन्यनला पोहोचून मागचा भाग उघडला, तेव्हा भांडी, पांघरुणे, पोह्यांची पिशवी, सगळ्यावर विटकरी धुळीचा मऊ थर बसला होता. कणकेची पिशवी नीट बांधलेली नव्हती, त्यामुळे त्या रात्रीच्या पोळ्या फिक्या गुलाबी झाल्या; मुलीने त्या आवडीने खाल्ल्या, आम्ही दाताखाली कचकच सोसत खाल्ल्या. असे रबर तपासायला दोन मिनिटे पुरतात: दारात कागदाचा कपटा धरून दार लावावे आणि तो ओढून पाहावा, सहज निघून आला तर धूळही तितक्याच सहज आत येणार.

तंबू स्वतः उत्तम होते. गादी जाड होती, जाळी शाबूत होती, आणि जमिनीपासून उंच असल्याने रात्री मुलगी निर्धास्त झोपली. पण सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी शिडीकडे पाहून विचारले, "अगं, मला रात्री दोनदा उठावं लागतं, अंधारात ही शिडी मी कशी उतरायची?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते आणि माहितीपत्रकातही नव्हते; तेथे फक्त 'चार जणांसाठी' एवढेच छापलेले होते. अखेर त्या पुढच्या सीट मागे पाडून गाडीतच झोपल्या. जुलैत तेथे रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो, त्यामुळे काचा आतून ओल्या होत आणि सकाळी त्यांची पाठ धरलेली असे. (फ्रिजचे मात्र कौतुक करायला हवे. दुसऱ्या बॅटरीवर तो आठवडाभर न कुरकुरता चालला, जरी पहाटे दूध आतल्यापेक्षा बाहेरच अधिक गार राहिले असते.)

दुसरी गैरसोय उलुरूला, म्हणजे तिथल्या प्रसिद्ध लाल खडकाच्या डोंगराशी, गेल्यावर ध्यानात आली. राष्ट्रीय उद्यानात मुक्कामाला परवानगी नाही. तंबू सुमारे २० किलोमीटर अलीकडे युलारा या पर्यटक वस्तीच्या तळावर लावावे लागतात. सूर्योदय साडेसातच्या सुमारास होता आणि तो पाहायचा तर गाडी हलवायला हवी होती, आणि गाडी हलवायची तर घर मोडायला हवे होते. दोन तंबू उघडायला आम्हाला वीस मिनिटे लागत, पण दवाने ओले झालेले कापड बधिर बोटांनी घडी घालून त्यावर आवरण ओढायला चाळीस. पाच वाजता उठूनही आम्ही जेमतेम वेळेवर पोहोचलो. तेच दुसऱ्या दिवशी काटा त्जुटा या घुमटाकार खडकांच्या समूहासाठी, ५० किलोमीटरवर. रोज गाव बदलणाऱ्याला ही व्यवस्था सोयीची आहे. एका जागी राहून आजूबाजूला फिरणाऱ्याला मुळीच नाही.

विम्याचे कलम सही करण्यापूर्वी शांतपणे वाचावे. आमच्या करारात गावाबाहेर सूर्यास्तानंतर गाडी चालवल्यास विमा लागू नव्हता, तसेच छताचे आणि गाडीच्या पोटाचे नुकसान वगळलेले होते. जिची झोपण्याची खोलीच छतावर आहे अशा गाडीत छत वगळणे मला विनोदी वाटले. अंधाराची अट मात्र रास्त आहे, कारण संध्याकाळी कांगारू आणि रानटी उंट रस्त्यावर येतात. त्यामुळे थंडीत दिवस लहान असताना युलारा ते अॅलिस हे सुमारे साडेचारशे किलोमीटर, एर्लडुंडाला डिझेल भरून, दुपारीच उरकावे लागतात.

गाडी परत करताना आतल्या धुळीबद्दल स्वच्छतेचे पैसे मागितले गेले. मी मोबाइलवरचा सुटलेल्या रबराचा फोटो दाखवला, तेव्हा ती रक्कम वगळली गेली, पण रबर आमच्याआधीच्या भाडेकरूनेही सांगितले होते का, या प्रश्नावर काउंटरवरचा मुलगा नुसता हसला. पुन्हा गेलो तर हीच गाडी एका तंबूसह घेऊ, सासूबाईंसाठी जमिनीवरचा उंच छताचा तंबू आणि घडीची खाट वेगळी मागून घेऊ, आणि कणीक घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात नेऊ.